उन्हाळी कामं लेकी-सुना-नातवंडांना शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की सातारा-सांगलीकडं गच्च्या झाडल्या जातात, जुन्या साड्या धुऊन वाळवणासाठी काढून ठेवल्या जातात आणि डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीवर, नंबर लागायला लागतात. त्याच सुमाराला हे प्रश्नही सुरू होतात. काही प्रश्न शिकणाऱ्यांचे आहेत, काही शिकवणाऱ्या आज्ज्यांचे. बहुतेक ठिकाणी आज्जीचा हात आणि वजनकाटा, दोन्ही लागतात. काही ठिकाणी मात्र नुसता अंदाज जिवावर बेतू शकतो. ती ठिकाणं मी स्पष्ट सांगितली आहेत.

आमची आज्जी माप सांगतच नाही. "अंदाजानं घ्यायचं" एवढंच म्हणते. मग लिहून घ्यायचं कसं?

तिला माप विचारूच नका. ती रोजच्यासारखं काम करत असताना शेजारी वजनकाटा घेऊन बसा. तिखटाचा डबा तिनं हात घालायच्या आधी एकदा तोला आणि नंतर एकदा तोला. जो फरक येईल, ते तिचं माप. मिठाची मूठ परातीत पडण्याआधी ताटलीत घ्या, तोला, मग परातीत टाका. दोन वर्षं असं केलंत तर तिच्या मुठीत फार थोडा फरक पडतो, हे तुमच्या लक्षात येईल. तिचा अंदाज म्हणजे पाठ झालेलं मापच असतं.

दुसरी गोष्ट, "किती?" असं विचारण्याऐवजी "आता झालं हे तुला कशावरून कळलं?" असं विचारा. त्यावर ती जे सांगेल ते कुठल्याही वहीत सापडत नाही. मिरची उन्हात तापली की मुठीत दाबल्यावर कडकड वाजली पाहिजे. पापडाचं पीठ कुटून झालं की गोळी ताणली तर तुटू नये, लांबत जावी. गुळांब्याचा रस चमच्यावरून शेवटी एका जाड थेंबात लोंबतो. हे शब्द तिच्याच भाषेत उतरवून घ्या, सुधारून लिहू नका. फोनवर व्हिडिओ घेतलात तर चेहऱ्याचा नको, हातांचा घ्या.

तिसरं, सामान कुठलं होतं तेही लिहा. खपली गहू होता की लोकवन, मिरची संकेश्वरी होती की ब्याडगी, मीठ खड्याचं होतं की बारीक. चमचाभर खडे मीठ आणि चमचाभर बारीक मीठ वजनाला सारखं भरत नाही. बारीक मीठ जास्त भरतं. वहीत चमचे लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी लोणचं खारट होतं ते यामुळंच. वजन ग्रॅममध्येच लिहा.

सुरुवात कशापासून करावी?

लिंबाच्या लोणच्यापासून आणि साबुदाणा-बटाट्याच्या पापड्यांपासून. लिंबू इतकं आंबट असतं की मीठ पुरेसं असलं आणि पाणी लागलं नाही तर ते सहसा दगा देत नाही. पापड्या एका दिवसात घालून होतात, मुलांनाही जमतात. कुरडया आणि उडदाचे पापड दुसऱ्या वर्षी.

कुरडईचा चीक बिघडतो. गाठी होतात, नाहीतर कुरडई वाळल्यावर काळपट दिसते. चुकतं कुठं?

बहुतेक वेळा चूक भिजवण्यातच झालेली असते. गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. उन्हाळ्यात एक दिवस जरी पाणी बदलायचं राहिलं तरी वास बदलतो. आंबूस वास यायलाच हवा, पण सडका वास आला तर तो गहू पुढं नेऊ नका. चौथ्या दिवशी गहू वाटून, भरपूर पाण्यात कालवून, फडक्यातून किंवा बारीक चाळणीतून गाळायचा. चोथा पुन्हा पाण्यात चोळून आणखी एकदा गाळा, त्यात बराच चीक राहिलेला असतो. मग हा चीक रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वर पिवळसर निवळी येते आणि खाली पांढरा दाट चीक बसतो. निवळी अलगद, पूर्ण ओतून टाका. काळपटपणाचं मूळ बहुतेक वेळा या राहिलेल्या निवळीत असतं.

आता शिजवणं. दाट चीक जेवढा, तेवढंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा. त्यात मीठ आणि हिंग घाला. उकळी फुटली की एकानं धार धरायची आणि दुसऱ्यानं हलवत राहायचं. हे काम एकट्यानं करू नये. गाठी होतात त्या धार जाड पडल्यामुळं किंवा हलवणारा हात थांबल्यामुळं. सगळा चीक आत गेला की आच मंद करा, झाकण ठेवा, मधूनमधून तळापासून हलवा. कच्चा चीक पांढरा दिसतो. शिजला की काचेसारखी झाक येते आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. हे दोन्ही दिसल्याशिवाय सोऱ्या हातात घेऊ नका. कच्च्या चिकाची कुरडई वाळल्यावर तुटते आणि तळल्यावर फुलत नाही.

चीक गरम असतानाच घाला. पोरांना वाटीत गरम चीक, वर तूप किंवा दूध-साखर घालून द्या. त्यांनी ती चव घेतली की पुढच्या वर्षी ती स्वतःहून सोऱ्या दाबायला येतात.

कांदा-लसूण चटणी वर्षभर टिकत नाही. पावसाळ्यात गोळे होतात, बुरशी येते.

दोष ओलाव्याचा आहे. ही आपल्या भागाची चटणी (पुण्या-मुंबईचे लोक तिला मसाला म्हणतात) कोरड्या मिरचीत ओला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर घालून होते, म्हणून तिला जास्त जपावं लागतं. कांदा उभा, पातळ चिरून आधी एक-दोन दिवस उन्हात टाका, मग तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळा. गडद तांबूस रंग यायला हवा. मऊ कांदा डंकात गेला की पावसाळ्यात गोळे होणारच. लसूण सोलून उन्हात सुकवा. कोथिंबीर धुतली असेल तर ती पूर्ण वाळली पाहिजे. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजा, कारण तीळ लवकर करपतात. धणे, दगडफूल, चक्रीफूल, नागकेशर, रामपत्री हे सगळं थोड्या तेलात मंद आचेवर. किलोभर मिरचीला पाव किलो लसूण हे बऱ्याच घरांचं माप आहे. कांद्या-खोबऱ्याचं माप घराघरांत वेगळं असतं, ते तुमच्याच घरचं ठेवा.

डंकावरून चटणी गरम येते. ती तशीच बरणीत भरू नका. परातीत पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर वाफ धरते. मग बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे खडे ठेवा आणि वर मिठाचा थर द्या. रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा काढा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी अर्धी चटणी फ्रिजमध्ये ठेवली तर रंगही टिकतो.

कैरीच्या लोणच्याला किती मीठ?

चिरलेल्या १ किलो कैरीला २०० ग्रॅम. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर लोणचं कमी खा. बरणीतलं मीठ कमी करू नका, कारण टिकण्याचं काम तेच करतं. मिठानं कैरीतलं पाणी सुटतं, त्याचा खार होतो आणि फोडी त्या खारात बुडून राहतात. कैरीचा आंबटपणा, मोहरीच्या डाळीचा झणका आणि वरचं तेल यांची साथ मिठाला मिळते. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करून ओता, फोडींच्या वर बोटभर राहील इतकं. हवा लागते तिथंच बुरशी येते. कैऱ्या धुऊन, पुसून, तासभर पसरून मगच फोडा. विळी आणि अडकित्तासुद्धा कोरडा हवा. बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडकं, बांधा आणि पहिले आठ दिवस रोज लाकडी डावानं तळापासून हलवा.

वर पांढरी बुरशी दिसली तर ती काढून खाली ठीक असेल असं धरून चालू नका. फेकून द्या. जीव तुटतो, मला माहीत आहे.

"अडचणीच्या दिवसांत शिवलं की लोणचं नासतं" हे खरं आहे का?

नाही. लोणचं ओल्या हातानं, ओल्या चमच्यानं आणि कमी मिठानं नासतं. पाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण या एका समजापायी कितीतरी मुली ऐन शिकायच्या वयात वाळवणापासून लांब बसवल्या गेल्या. आज्जी ऐकत नसेल तर भांडू नका. त्या दिवसांत घातलेल्या लोणच्याची एक लहान बरणी वेगळी ठेवा आणि वर्षानं तिच्यापुढं उघडा.

परदेशात करतात तसं भाज्या, उसळी बाटल्यांत हवाबंद करून वर्षभर ठेवता येतील का?

भाज्या, उसळी, मटण, मक्याचे दाणे: घरी नाही. इथं अंदाज अजिबात चालत नाही.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसलेल्या आणि कमी आंबट पदार्थात ते रुजतात आणि अत्यंत जहाल विष तयार करतात. बाटली हवाबंद करून आपण त्यांना हवी तशी जागाच करून देतो. वास, रंग, चव बदलेलच असं नाही. त्यांना मारायला वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि त्या-त्या पदार्थासाठी तपासून ठरवलेला वेळ लागतो. आपल्या डाळ-भाताच्या कुकरसाठी असे वेळ तपासलेले नाहीत, त्यामुळं शिट्ट्या मोजून हे काम करू नये.

पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसा आंबट पदार्थ असेल तर साध्या उकळत्या पाण्यात बाटल्या उकळून भागतं. जॅम, मुरांबे, लिंबू, कैरी, बहुतेक फळं यात बसतात. टोमॅटो अगदी सीमेवर आहे. म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव छोटा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालायचंच, गोड जातीच्या टोमॅटोला तर विसरायचंच नाही. ठेचलेला उकळता टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटलीत भरा, वर बोटाएवढी जागा सोडा, कड पुसा, नवं झाकण लावा. मग बाटल्या बुडतील एवढ्या पाण्यात, खाली फडकं किंवा जाळी ठेवून उकळा. सातारा, सांगली, कराडकडं ४० मिनिटं. गार झाल्यावर झाकणाचा मध्य आत ओढलेला दिसला पाहिजे. दाबल्यावर तो टकटक वर-खाली झाला तर बाटली फ्रिजमध्ये ठेवून त्याच आठवड्यात संपवा.

ही पद्धत फ्रान्सच्या निकोला अपेर या मिठाईवाल्यानं शोधली आणि १८१० मध्ये लोकांसमोर मांडली. सरकारनं त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंचा उलगडा लुई पाश्चरनं केला तो काही दशकांनंतर. आपल्या आज्ज्यांनीही बरंचसं असंच हातानं शोधलं. फक्त त्यांनी भाज्यांसाठी उन्हाचा आणि मिठाचा रस्ता धरला, आणि घरासाठी तोच जास्त सुरक्षित आहे. गवारी, मेथी, वांग्याच्या काचऱ्या वाळवा, कोहळ्याचे सांडगे घाला, मिरच्या भरून वाळवा.

महाबळेश्वर-पाचगणीला वेळ वाढवावा लागतो असं ऐकलं.

बरोबर ऐकलं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंशानं. सांगलीत ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं, साताऱ्यात किंचित कमी, आणि महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, ९५-९६ ला. म्हणून वरच्या टोमॅटोला तिथं ४५ मिनिटं द्या.

स्ट्रॉबेरीच्या जॅमलाही हे लागू पडतं. इंग्रजी पाककृतीत १०५ अंश लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. महाबळेश्वरच्या शेगडीवर त्या आकड्याची वाट बघत बसलात तर जॅम करपून चिक्कीसारखा होईल. आधी साधं पाणी किती अंशांना उकळतं ते बघा, त्याच्या चार-पाच अंश वर जॅम तयार. थर्मामीटर नसेल तर गार ताटलीत थेंब टाका आणि बोटानं मध्ये रेघ ओढा. रेघ मिटली नाही की झालं. १ किलो स्ट्रॉबेरीला पाऊण ते एक किलो साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. या फळात जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी असतं, लिंबाशिवाय ते नीट बसत नाही.

लसूण तेलात घालून बरणीत ठेवला तर?

बाहेर ठेवू नका. कच्चा लसूण कमी आंबट असतो आणि तेलाखाली हवा नसते, म्हणजे तोच बोट्युलिनमचा धोका. फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. लसणाचं लोणचं हवं असेल तर भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि मीठ घालून करा.

साखरांबा टिकतो, गुळांबा का टिकत नाही?

गुळात साखरेपेक्षा पाणी आणि इतर अंश जास्त असतात. कराडकडचा चांगला, कडक, कोरडा गूळ घ्या, रस किंचित जास्त आटवा आणि गुळांबा आधी संपवा. दोन्हींत गोडवा कैरीच्या किसाच्या वजनाइतका तरी हवाच. साखर कमी केलीत तर फ्रिज लागणार.

धान्य कसं ठेवायचं? पूर्वी पेवं, कणग्या होत्या.

पेवाचं शास्त्र घरात वापरता येत नाही, पण समजून घेण्यासारखं आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. आत हवा नाही, म्हणून कीडही नाही. पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण माणसालाही तिथं श्वास घेता येत नाही. २००५ च्या महापुरात यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि ती कामातून गेली.

घरी शाळू आणि गहू मे महिन्याच्या उन्हात दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा. तापलेलं धान्य निवल्यावरच कोठीत भरा. मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. ओला पाला घातलात तर उलट ओलावा वाढेल. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा. बाजारातल्या सल्फासच्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नका. त्यातून सुटणारा वायू झोपेतल्या माणसांचा जीव घेतो.

पुराचं पाणी घरात आलं. बरण्या वर तरंगत होत्या, झाकणं घट्ट होती. लोणचं ठेवावं का?

२०१९ च्या महापुरानंतर सांगली आणि पलूस भागातून हा प्रश्न पुष्कळदा येतो. ठेवू नका. फिरकीच्या झाकणातून आणि दादऱ्यातून पाणी आत जातं, आणि त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं असतं. चिनी मातीची बरणी चरा गेलेली नसेल तर साबणानं धुऊन, उकळत्या पाण्यानं विसळून, कडक उन्हात ठेवा आणि पुन्हा वापरा. नदीकाठच्यांनी जुलैच्या आतच साठवण माळ्यावर चढवावी. आज्जीची पाककृतीची वहीही तिथंच ठेवा, आणि तिचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवून ठेवा.

नोकरी करणाऱ्या सुनेनं हे सगळं कधी करायचं?

एकटीनं करायचंच नाही. हे काम कधीच एका बाईचं नव्हतं. आज आपल्या दारात, उद्या काकूंच्या, परवा शेजारच्या वहिनींच्या, अशी सावड असायची. सावड मोडली आणि सगळं ओझं घरातल्या एकीवर आलं, म्हणून मुलींना ते नको झालं. दोन-तीन घरांनी मिळून एका रविवारी एकच पदार्थ करा आणि वाटून घ्या. सासूबाईंनी सुनेला राबवायला म्हणून बोलवू नये, शिकवायला बोलवावं. हा फरक मुलीला पहिल्या तासात कळतो.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, शिकवावं का?

हो. पापडाच्या पिठावर मुसळ घालायला ताकद लागतेच, आणि पुण्या-बंगळूरच्या खोल्यांवर राहून एकटे जेवणारेही तेच आहेत.

पितळेच्या जुन्या पातेल्यात चिंच, मुरांबा केला तर?

आतून कल्हई ठीक असेल तरच. कल्हई उडालेल्या पितळेत आणि उघड्या ॲल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ करूही नका, ठेवूही नका.

घरचे पदार्थ विकायचे आहेत.

आधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. ती छोट्या घरगुती व्यवसायालाही लागते. पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल ते लिहा. प्रशिक्षणासाठी बोरगाव (सातारा), कालवडे (कराड) आणि कांचनपूर (सांगली) इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा. माण-खटाव भागातल्या बायकांसाठी म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून आहे. भांडवलाचं तिथं विचारता येतं. आणि किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरा. बहुतेक बायका गहू, तेल, गॅस धरतात आणि चार दिवसांचे आपले हात फुकट देतात.

यंदा उशीर झाला, पाऊस तोंडावर आलाय. आता काय होईल?

कुरडया-पापड सोडून द्या. अर्धवट वाळलेलं वाळवण घरात आणून पंख्याखाली टाकलं तरी आतून ओलं राहतं. पाटण, जावळीकडं तर जूनच्या पहिल्या ढगांनंतर नावच काढू नका. म्हसवड-आटपाडीकडं थोडे दिवस जास्त मिळतात. कैरीचं लोणचं मात्र आत्ता घालता येईल, त्याला ऊन लागत नाही. लिंबाचं वर्षभरात कधीही. कार्तिकात आवळे बाजारात आले की मोरावळा आणि आवळा सुपारी, जानेवारीपासून स्ट्रॉबेरी, शिमग्याच्या आसपास नवी चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे. मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घेऊन ठेवा, तेव्हा नवी आवक असते. वहीचं पहिलं पान आजच लिहायला घ्या: घरात माणसं किती, आणि गेल्या वर्षी काय संपलं, काय उरलं.